किनारा आधी शहराचा, मग पाहुण्यांचा

जगातल्या देखण्या सागरी शहरांपुढे आज एक अवघड प्रश्न उभा आहे. बाहेरून येणाऱ्यांना किती येऊ द्यायचे, कोणत्या अटींवर येऊ द्यायचे आणि त्यांच्यासाठी शहराने स्वतःला किती बदलून घ्यायचे? व्हेनिसने दिवसभरासाठी येणाऱ्यांवर प्रवेशशुल्क बसवले, क्रोएशियातल्या डुब्रॉव्हनिकने प्रवासी जहाजांची संख्या बांधून दिली, बार्सिलोनाने पर्यटकांना भाड्याने जाणाऱ्या घरांचे परवाने बंद करायचे ठरवले. या निर्णयांवर वाद होतो तेव्हा पर्यटनाच्या बाजूचे आणि पर्यटनाच्या विरोधातले असे दोन तट पडतात, आणि मला ती विभागणीच चुकीची वाटते. अशा शहराची ओढ मुळात कशातून निर्माण होते हे नीट तपासले, तर पाहुण्याचे हित आणि रहिवाशाचे हित बऱ्याच अंशी एकच असल्याचे दिसते. दोघांनाही हवा असतो तो सर्वांना मोकळा असलेला किनारा आणि त्याला लागून असलेली नांदती वस्ती. हे दोन्ही सांभाळायचे असेल तर किनाऱ्यावरचा पहिला हक्क शहरात राहणाऱ्यांचा मानला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

समुद्राकाठी जाऊन बसावे आणि त्याच्याकडे नुसते पाहत राहावे, ही इच्छा आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की तिलाही इतिहास असेल, हे सहसा मनात येत नाही. युरोपात अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत किनारा ही मुख्यतः कोळ्यांची, खलाशांची आणि व्यापाऱ्यांची जागा होती. हौसेने तिथे जाऊन राहण्याची रीत नव्हती. 1750 मध्ये रिचर्ड रसेल या इंग्रज डॉक्टरांनी समुद्राच्या पाण्याच्या औषधी उपयोगावर लॅटिनमध्ये प्रबंध लिहिला आणि पुढे ब्रायटन या मासेमारीच्या लहानशा गावात बस्तान बसवले. आधी रोगी आले, रोग्यांमागून हौशी आले, मग राजपुत्र आला, आणि 1841 मध्ये लंडनहून रेल्वे पोहोचल्यावर कारकून आणि कामगारही सुट्टीच्या दिवशी समुद्र पाहून परत येऊ लागले. नीसची गोष्ट याहून बोलकी आहे. आज फ्रान्समध्ये, पण तेव्हा सार्डिनियाच्या राज्यात असलेल्या या शहरात हिवाळा घालवायला येणाऱ्या इंग्रजांनी 1820 च्या दशकात वर्गणी काढून समुद्रालगत एक वाट बांधवून घेतली, आणि कडाक्याच्या थंडीने रोजगार बुडालेल्या गरिबांना त्या कामावर मजुरी मिळाली. तीच वाट रुंदावत आणि लांबत जाऊन आजची ‘प्रोमनाद देझांग्ले’ झाली. 2021 मध्ये नीसला जागतिक वारसा यादीत जागा मिळाली तीही हिवाळी विश्रामाचे शहर म्हणूनच. पर्यटन म्हणजे बाहेरून कोसळलेले संकट, असे मानणाऱ्यांनी हा इतिहास विसरू नये. पुष्कळशा किनाऱ्यांचे आजचे देखणे रूप पाहुण्यांच्या येण्यातूनच घडले आहे, आणि त्या घडण्यात सार्वजनिक बांधकामाचा मोठा वाटा आहे.

मग त्या देखणेपणात नेमके काय असते? जे ॲपलटन या इंग्रज भूगोलतज्ज्ञांनी 1975 मध्ये असा सिद्धान्त मांडला की, जिथून दूरवरचे दिसते आणि त्याच वेळी पाठीला आडोसा मिळतो, अशी जागा माणसाला आपोआप आवडते. सागरी शहराला हे वर्णन चपखल लागू पडते. केप टाउनच्या पाठीशी हजार मीटरहून उंच, सपाट माथ्याचा टेबल पर्वत आहे. रिओच्या उपसागराच्या तोंडाशी शुगरलोफचा 396 मीटर उंच खडक पाण्यातून सरळ वर आलेला आहे. परंतु केवळ निसर्गावर भागत असते, तर चिलीच्या दक्षिण टोकाकडे मैलोन् मैल पसरलेल्या, याहून भव्य किनाऱ्यांकडे अधिक रीघ लागली असती. शहर त्या दृश्यात आणखी एक गोष्ट मिळवते, आणि ती म्हणजे आपापल्या कामात असलेली माणसे.

फ्रान्समधल्या मार्सेच्या जुन्या बंदरात सकाळी कोळी धक्क्यावर मेजे मांडून रात्रीची मासळी विकतात. मेजांवरच्या उथळ तबकांत पाणी असते, त्यात मासे अजून उसळ्या घेत असतात, एखादा ऑक्टोपस तबकाची कड धरून बाहेर निघू पाहतो आणि विकणारी बाई बोलता बोलता त्याला हाताने मागे सारते. गावातले गिऱ्हाईक आज काय मिळाले ते विचारते, आवडेल ते साफ करून घेते, पिशवीत टाकते आणि चालू लागते. पाहुणा थोडा मागे उभा राहून हे सगळे पाहतो. त्या मेजावर त्याच्यासाठी म्हणून मांडलेले असे काही नसते, आणि म्हणूनच त्याचे पाय तिथे रेंगाळतात. 2013 च्या सुमारास या बंदराचे धक्के पादचाऱ्यांसाठी मोकळे केले गेले, तेव्हा हा मासळीबाजार मात्र आपल्या जागी राहिला, ही त्या बदलातली मला सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. सिडनीत सर्क्युलर की धक्क्यावरून मॅनलीला जाणारी बोट नोकरदारांच्या रोजच्या येण्याजाण्याची आहे, आणि ऑपेरा हाउसचे नि हार्बर पुलाचे सर्वांत सुंदर दर्शन त्याच तिकिटात घडते. चिलीतल्या वाल्परायसोच्या टेकड्यांवर तिरक्या रुळांवरून चढणारे पाळणे, ज्यांतला पहिला 1883 मध्ये सुरू झाला, हे वर राहणाऱ्यांनी घरी पोहोचावे म्हणून बांधलेले आहेत. पर्यटनपुस्तिकांत ज्यांची छायाचित्रे सर्वाधिक छापली जातात, त्या गोष्टींची यादी केली तर त्यांतल्या कितीतरी अशा रोजच्या वापराच्या निघतील.

दुसरा मुद्दा किनाऱ्याच्या मालकीचा. सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात तयार करवून घेतलेल्या रोमन कायद्याच्या ग्रंथात हवा, वाहते पाणी, समुद्र आणि त्यामुळे समुद्राचा किनाराही निसर्गतः सर्वांचा आहे, असे स्पष्ट म्हटलेले आहे. त्या विचाराचे पडसाद आजच्या कायद्यांतही उमटतात. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याने 1967 मध्ये किनाऱ्यावरच्या वाळूत लोकांचा वावर कायद्याने सुरक्षित केला. फ्रान्सने 1986 मध्ये वस्तीबाहेरच्या किनाऱ्यालगत शंभर मीटरच्या पट्ट्यात बांधकामाला मनाई केली. ब्राझील आणि स्पेन या दोन्ही देशांनी 1988 च्या कायद्यांनी समुद्रकिनारा ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे पक्के केले.

या तत्त्वाचे मोल कळायचे असेल तर ते जिथे पायदळी तुडवले गेले तिथे पाहावे. दक्षिण आफ्रिकेत 1953 च्या कायद्याने सार्वजनिक सोयी वंशानुसार वेगळ्या राखण्याला मान्यता दिली, आणि केप टाउनच्या आसपासचे उत्तमोत्तम किनारे गोऱ्यांसाठी राखीव झाले. राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क यांनी किनारे सर्वांना खुले केल्याची घोषणा केली ती 1989 मध्ये. त्याआधीही डोंगर तोच होता, पाणी तितकेच निळे होते, वाळू तितकीच पांढरी होती, आणि शहरातल्या बहुसंख्य माणसांना त्या दृश्यात पाऊल ठेवण्याची बंदी होती. त्या काळातल्या त्या किनाऱ्याला सुंदर म्हणताना माझी जीभ अडखळते, कारण सार्वजनिक जागेचे सौंदर्य आणि तिथे कोण येऊ शकतो हा प्रश्न मला एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

कायदा चांगला असूनही वाट अडवता येते, हे रिओने दाखवून दिले आहे. कोपाकबानाच्या वाळूत श्रीमंताची आणि गरिबाची चटई खरोखरच शेजारी शेजारी पडते, आणि या शहराच्या आकर्षणात त्या दृश्याचा वाटा कमी नाही. तरीही 2015 मध्ये उत्तरेकडच्या गरीब वस्त्यांतून दक्षिणेच्या किनाऱ्यांकडे निघालेल्या किशोरवयीन मुलांना, त्यांनी काहीही केलेले नसताना, पोलिसांनी बसमधून उतरवून ताब्यात घेतले. टोळ्यांनी किनाऱ्यावर होणारी लुटालूट हे त्यामागचे कारण होते. लुटालूट खरी होती आणि तिचा बंदोबस्त करणे हे पोलिसांचे कर्तव्यच आहे. परंतु ज्याने गुन्हा केलेला नाही त्याला केवळ त्याच्या वस्तीवरून आणि रंगरूपावरून समुद्रापासून दूर ठेवायचे, हा बंदोबस्त नव्हे, आणि अखेर न्यायालयाला त्यात हस्तक्षेप करावा लागला. किनारा मोकळा आहे की नाही, याचा निकाल वाळूत लागण्याआधी बसच्या मार्गावर, गाडीच्या शेवटच्या फेरीवर आणि तिकिटाच्या दरावर लागत असतो. पर्यटनाच्या योजना आखताना या साध्या गोष्टीकडे फार क्वचित पाहिले जाते, आणि विमानतळापासून हॉटेलापर्यंतचा रस्ता मात्र सर्वांत आधी होतो.

शहराने रहिवाशांसाठी किनारा मोकळा केला की पाहुणे आपसूक येतात, याचे ठळक उदाहरण बार्सिलोना. हे शहर समुद्राकडे पाठ करून बसले आहे, असे तिथलेच लोक एकेकाळी म्हणत, कारण पाण्याच्या आणि वस्तीच्या मध्ये रेल्वेमार्ग, कारखाने आणि गोदामे होती. 1992 च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने तो अडसर दूर झाला, वाळू आणून किनारे तयार केले गेले आणि कैक किलोमीटरचा समुद्रकाठ लोकांच्या हाती आला. त्याच शहरात जुलै 2024 मध्ये पाहुण्यांच्या विरोधात मोर्चा निघाला आणि काही मोर्चेकऱ्यांनी उपाहारगृहांत बसलेल्या पर्यटकांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवले. जेवायला बसलेल्या अनोळखी माणसाचा असा पाणउतारा करणे मला मुळीच पटत नाही. तो माणूस घरभाडे ठरवत नाही. पण ज्यांच्यासाठी तो किनारा मोकळा केला होता त्यांनाच किनाऱ्याजवळ राहणे परवडेनासे झाले, ही मोर्चेकऱ्यांची तक्रार शंभर टक्के खरी आहे.

इथे घरांचे गणित समजून घ्यावे लागते. रहिवाशाला महिन्याने दिलेल्या घराचे जितके भाडे येते, त्याहून अधिक पैसा तेच घर पाहुण्यांना दिवसाने किंवा आठवड्याने दिल्यास काही दिवसांतच मिळतो. अशा वेळी घरमालक दुष्ट असण्याची गरज नाही. त्याने साधी बेरीज केली तरी भाडेकरू घराबाहेर पडतो. एका जिन्यातली दोन घरे अशी गेली की उरलेल्यांना रात्री-अपरात्री चाकांच्या बॅगांचा खडखडाट ऐकू येऊ लागतो आणि त्यांतलाही एखादा निघतो. माणसे कमी झाली की वाणी दुकान मोडतो, शाळेत वर्ग भरत नाहीत, नळ दुरुस्त करणारा मिळत नाही, आणि त्या गाळ्यांत शोभेच्या वस्तूंची दुकाने येतात. व्हेनिसच्या जुन्या शहरात 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे 1,75,000 लोक राहत होते, आणि 2022 मध्ये हा आकडा 50,000 च्या खाली गेला. या घसरणीला एकटे पर्यटन कारणीभूत नाही. 1966 चा महापूर, तळमजल्यांतली ओल, दुरुस्तीचा खर्च आणि मुख्य भूमीवरच्या नोकऱ्या यांनीही माणसे बाहेर खेचली. मात्र रिकाम्या होत गेलेल्या घरांत पुन्हा संसार थाटले जाण्याची शक्यता पाहुण्यांच्या भाड्याने जवळपास संपवली आहे.

एप्रिल 2024 मध्ये व्हेनिसने गर्दीच्या ठरावीक दिवशी, मुक्काम न करता येणाऱ्यांवर पाच युरोचे शुल्क सुरू केले आणि पुढच्या वर्षी दिवस आणि दर दोन्ही वाढवले. हा उपाय मला चुकीच्या दिशेचा वाटतो. हजारो मैलांचा विमानप्रवास करून आलेला माणूस पाच किंवा दहा युरोसाठी मागे फिरणार नाही. थबकला तर तो जवळच्या गावातून मुलांना घेऊन निघालेला साधा माणूस थबकेल. शिवाय दारावर तिकीट लावल्याने शहराचे नातेच बदलते. तिकीट काढून आत आलेला माणूस, आत सगळे आपल्या दिमतीला असावे, अशी अपेक्षा धरतो, आणि रहिवासी त्या मांडणीत प्रदर्शनाचा भाग होऊन बसतो. याउलट त्याच शहरातून 25,000 टनांहून मोठ्या जहाजांना ज्युदेका कालव्यात येण्यास ऑगस्ट 2021 पासून जी मनाई झाली, ती योग्य होती. डुब्रॉव्हनिकने जहाज कंपन्यांशी केलेला करारही त्याच जातीचा आहे: दिवसाला दोनच मोठी जहाजे आणि एका वेळी चार हजारांपर्यंत प्रवासी. मोठ्या जहाजातले प्रवासी झोपतात जहाजावर, जेवतात बहुधा जहाजावर, आणि मधल्या चार तासांत सगळे एकदम तटबंदीच्या आतल्या त्याच एका रस्त्यावर उतरतात. शहराला त्यांच्याकडून मिळते थोडे आणि पेलावे लागते फार. मर्यादा घालायची असेल तर ती अशा ठिकाणी घालावी, जिथे ताण सर्वाधिक पडतो आणि जिथे सामान्य प्रवाशाच्या खिशाला हात लागत नाही.

घरांच्या बाबतीत बार्सिलोनाचा निर्णय मला सर्वांत धाडसी वाटतो. तिथल्या महापौरांनी जून 2024 मध्ये जाहीर केले की पर्यटकांना भाड्याने द्यायच्या 10,101 घरांच्या परवान्यांचे नोव्हेंबर 2028 नंतर नूतनीकरण होणार नाही. यामुळे घरांची टंचाई एका फटक्यात मिटेल, असे मी म्हणणार नाही. हॉटेलांचे दर चढतील, चोरून भाड्याने देणेही सुरू होईल, आणि नवी परवडणारी घरे बांधल्याशिवाय गाडे पुढे सरकणार नाही. तरीही राहण्यासाठी बांधलेले घर राहणाऱ्यालाच मिळावे, हा क्रम शहराने पहिल्यांदा ठणकावून सांगितला, आणि माझ्या मते तो बरोबर आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप आहे तो पोटापाण्याचा. बंदरे यंत्रांकडे गेली, मासेमारी आटली, गिरण्या बंद पडल्या, आणि अशा कितीतरी शहरांत खोल्या झाडणारी, भांडी घासणारी, टॅक्सी चालवणारी माणसे पाहुण्यांवरच जगतात. 2020 च्या महासाथीत विमाने थांबली तेव्हा सर्वांत आधी यांचीच चूल विझली. हा आक्षेप बाजूला सारणे निर्दयपणाचे होईल. पण ही माणसे राहतात कुठे, हा प्रश्न त्याच्याच पोटात आहे. किनाऱ्याजवळची घरे पाहुण्यांकडे गेल्यावर खोल्या झाडणारी बाई दीड-दोन तासांच्या अंतरावर जाऊन पडते आणि पहाटे अंधारात बस पकडते. तिची नोकरी वाचवण्याच्या नावाखाली तिचे घर घालवणाऱ्या धोरणाला तिच्या हिताचे धोरण म्हणता येत नाही. पर्यटनावर जगणाऱ्यांचे भले खरोखर करायचे असेल, तर त्यांना शहरात राहता आले पाहिजे, आणि पर्यटन सोडून दुसरे कामही शहरात उरले पाहिजे.

यजमानाचा नियम पाहुण्यालाही लागू असावा, या साध्या तत्त्वाचा प्रत्यय केप टाउनने 2018 मध्ये दिला. तीन वर्षांच्या अवर्षणाने धरणे आटली आणि फेब्रुवारीपासून माणशी रोज 50 लिटर पाण्याची मर्यादा आली. हॉटेलांनी न्हाणीटबांच्या बुचांना रजा दिली, दोन मिनिटांत अंघोळ उरकण्याच्या विनंत्या पाहुण्यांनाही केल्या गेल्या, आणि नळ पूर्ण बंद करण्याची वेळ आली नाही. शहराची क्षमता ही नुसती बोलण्याची गोष्ट नसून ती धरणातल्या पाण्याइतकी मोजता येण्याजोगी असते, हे त्या महिन्यांत सर्वांना कळले. सांडपाणी, कचरा, रस्ते आणि घरे यांची क्षमता आधी मोजावी आणि मग निमंत्रणे धाडावीत, ही मागणी म्हणून अवाजवी नाही.

अशी राखण केली तर शहर मागे पडते, असे विकासाच्या बाजूने बोलणारे म्हणतात. सिडनीच्या ‘द रॉक्स’ या बंदराशेजारच्या जुन्या वस्तीवर 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला बुलडोझर फिरवून उंच इमारती बांधायचा बेत होता. तिथल्या रहिवाशांनी बांधकाम कामगारांच्या संघटनेला हाक दिली, जॅक मंडी यांच्या नेतृत्वाखालच्या त्या संघटनेने तिथे काम करायला नकार दिला, आणि वस्तीचा मोठा भाग वाचला. आज सिडनीला गेलेला प्रवासी द रॉक्सच्या दगडी गल्ल्यांतून फिरल्याशिवाय सहसा परतत नाही. ज्या कामगारांना तेव्हा प्रगतीचे शत्रू ठरवले गेले, त्यांनीच त्या शहराची सर्वांत मोलाची ठेव राखली. व्हँकुव्हरने 1989 मध्ये ठरावीक सार्वजनिक जागांवरून दिसणारे डोंगर झाकले जाणार नाहीत, अशा बेताने इमारतींच्या उंचीवर बंधने घातली, आणि अलीकडे घरांची गरज वाढल्यावर त्यांतली काही शिथिल केली. दृश्य आणि निवारा यांत असा तोल पुन्हा पुन्हा साधावा लागणार, आणि मला त्यात गैर वाटत नाही. फक्त डोंगराचे दर्शन वरच्या मजल्यावरच्या सदनिकेला मिळावे म्हणून रस्त्यावरच्या माणसाचे जाऊ नये.

येत्या काळात या सगळ्याला आणखी एक बाजू जोडली जाणार आहे. समुद्राची पातळी वाढत आहे, आणि किनाऱ्यावरच्या जवळजवळ प्रत्येक शहराला बांध, भिंती, दरवाजे उभारावे लागणार आहेत. व्हेनिसने खाडीच्या मुखांवर बसवलेले हलते दरवाजे भरतीच्या पाण्याविरुद्ध पहिल्यांदा ऑक्टोबर 2020 मध्ये उचलले. अशी भिंत कशी बांधली जाते, यावर पुढच्या शंभर वर्षांत त्या शहरातल्या माणसाला पाण्यापर्यंत पोहोचता येईल की नाही हे ठरेल. इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलने आपली नवी संरक्षक भिंत रुंद पायऱ्यांची बांधली. लाट तिच्यावर फुटते आणि ओहोटीच्या वेळी लोक त्याच पायऱ्यांवर बसतात, त्याच उतरून वाळूत जातात. याउलट बंदिस्त संकुलाने आपल्यापुरती उंच भिंत घातली, तर संकुल कोरडे राहील आणि शेजारची वस्ती समुद्राला मुकेल आणि लाटेला बळी पडेल. या भिंतींचे आराखडे आज अभियंत्यांच्या टेबलांवर आहेत. त्यावर हरकती मागवल्या जातात तेव्हा हॉटेलचालक आणि बांधकाम व्यावसायिक हजर असतात. मासळी विकणारे, बसने किनाऱ्यावर येणारे आणि किनाऱ्यामागच्या गल्ल्यांत भाड्याने राहणारे यांनाही त्या बैठकीची तारीख वेळेवर कळली पाहिजे आणि त्यांचे म्हणणे इतिवृत्तात नोंदले गेले पाहिजे.